उंदीर काढल्यास विचार करू

उंदरावर मनापासून जीव असणारे प्राणी जगात दोनच. एक मांजर आणि दुसरे आमचे आतोबा. मांजराचे प्रेम दोन घासांत आटोपते आणि आतोबांचे शेवटपर्यंत टिकले, एवढाच काय तो फरक. बाकी सगळ्या बाबतींत ते चारचौघांसारखे गृहस्थ होते. डोक्याला काळी टोपी, अंगात कोपरांवर झिजलेला कोट, ठाण्याच्या कचेरीत कारकुनी, सकाळी संध्या आणि रात्री त्रिफळाचूर्ण. रस्त्याने जाताना त्यांच्याकडे कुणी मान वळवून पाहिले नसते. पण कोटाचा डावा खिसा जरा लक्ष देऊन पाहिला असता तर तो आपण होऊन हलतो आहे हे दिसले असते, आणि मग बघणाऱ्याने आपली वाट बदलली असती.

कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी नाशिकहून डोंबिवलीला आत्याकडे राहायला आले. स्वातंत्र्य आले होते आणि रेशन अजून गेले नव्हते, असे ते दिवस. डोंबिवली तेव्हा गावच होते. स्टेशनाबाहेर चार दुकाने, पुढे विहीर, पुढे भातखाचरे आणि खाचरांच्या कडेला तिथल्याच एका जुन्या शेतकरी घराण्याने बांधलेली बैठी चाळ. तिच्या टोकाच्या दोन खोल्या आत्याच्या. पहिल्या दिवशी मी ट्रंक ठेवायला कोपरा शोधत होते, तर आत्या म्हणाली, "तिथे नको गं, तिथे कसारा आहे." मी ट्रंक उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "अगं, तिथे तर मुळीच नको. तिथे दिवा बाळंतीण आहे." आत्याचे वय काही फार झालेले नव्हते, पण माणसाचे काय सांगावे, असे मनात येतेय तोवर आतोबांनी कोपऱ्यातल्या रॉकेलच्या डब्यावरचा फडका अलगद बाजूला केला. डबा आडवा कापून त्याला जाळी लावलेली होती, आणि जाळीमागून लाल मण्यांसारखे डोळे असलेली एक पांढरीशुभ्र उंदरीण माझ्याकडे बघत होती. मी चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी किंचाळले. आतोबांचा चेहरा पडला. "हळू गं," ते कळवळून म्हणाले, "ओली बाळंतीण आहे ती."

ही सगळी प्रजा परळच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला असलेल्या मित्राने दिलेल्या एका जोडीपासून झाली होती. जोडी दिली हीच त्या मित्राची चूक. आतोबांनी त्यांची नावे ठाणे आणि कल्याण अशी ठेवली. मग मधली सगळी स्टेशने झाली, मग गाडी कसाऱ्यापर्यंत गेली, आणि एका पावसाळ्यात तर कर्जतचाही फाटा फुटला. इतक्या जिवांना रोज कुठून नावे आणायची, स्टेशने कशी ओळीने आठवतात, असे त्यांचे म्हणणे. एखादा गेला की त्याचे नाव नव्या पिल्लाला मिळे. त्यामुळे आमच्या घरातली बोलणी बाहेरच्याला मोठी गूढ वाटत. "आंबिवली आज जेवली नाही", "मुंब्रा कालपासून खोकतोय", "बदलापूर कपाटाखाली गेलाय, पाय जपून टाका." टिटवाळा हे नाव मात्र विचारपूर्वक दिलेले होते. टिटवाळ्याचे पोट सुटलेले, बैठक ऐसपैस, आणि खाताना दोन्ही हात पोटावर धरून तो अशा काही प्रसन्न मुद्रेने बसे की पाहणाऱ्याचा हात नकळत कपाळाला जावा. चाळीतली भाविक मंडळी म्हणायची, काही झाले तरी गणपतीचे वाहन आहे. आतोबांना हे अजिबात खपत नसे. "वाहन म्हणून कुणालाही मान मिळतो हो," ते म्हणत. "मला तो उंदीर म्हणून आवडतो."

आत्या या सगळ्याला 'माझ्या सासरची माणसं' म्हणायची. "लग्न ठरवतानाच सांगायचं होतं," ती दर दोन दिवसांनी ऐकवी, "आंदण म्हणून मांजर आणली असती." पण रेशनच्या तांदळातले खडे निवडताना तुटकी कणी एका वाटीत वेगळी पडत जायची, आणि संध्याकाळी आतोबा घरात शिरले की पाण्याच्या तांब्याआधी ती वाटी त्यांच्या पुढ्यात यायची. "घ्या, घाला एकदा तुमच्या मंडळींना, म्हणजे माणसांना पानावर बसता येईल." आतोबा लगेच बसत. आपल्या पानातल्या पोळीचा पापुद्राही ते बाजूला काढून ठेवत, आणि आत्याने डोळे वटारले की "पोट भरलं" म्हणत. उंदीर पाळणाऱ्याइतके लवकर पोट भरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कचेरीत ते एकटे जात नसत. रोज एकाची पाळी असे. एकदा नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी त्यांना बोलावले आणि कागदाला लावायला टाचणी मागितली. आतोबा बोलण्याच्या नादात होते. त्यांनी खिशात हात घातला आणि साहेबांच्या टेबलावर मुंब्रा ठेवला. साहेब खुर्चीवर होते ते खुर्चीवर उभे राहिले. आतोबांनी मुंब्र्याला शांतपणे उचलून परत खिशात घातले आणि म्हणाले, "माफ करा साहेब, हा कामाचा नाही, सोबतीचा आहे. टाचणी उजव्या खिशात आहे." पुढे त्या साहेबांना जे काही लागे ते शिपाई आणून देई, आतोबांना कुणी आत बोलावत नसे, आणि याचा आतोबांना फार फायदा झाला, कारण त्यामुळे त्यांना लिहायला वेळ मिळू लागला.

होय, आतोबा लिहीत. कथा लिहीत. अगदी चांगल्या अक्षरात, समास सोडून. दर रविवारी सकाळी ते आठवड्याचे लिखाण घेऊन डब्यांपुढे पाटावर बसत आणि मोठ्याने वाचत. त्यांची एक पद्धत होती. वाचता वाचता उंदीर कुरतडायचे थांबले, कान टवकारून बसले, तर तो परिच्छेद राहायचा. उंदीर आपल्या खाण्यात दंग राहिले तर आतोबा निमूटपणे पेन्सिल काढून त्यावर काट मारायचे. "माणसं भिडेखातर छान म्हणतात," ते मला समजावीत, "यांना भीड ठाऊक नाही." अशा कसोटीतून उतरलेली कथा मग मुंबई-पुण्याच्या मासिकांकडे जायची, आणि थोड्या दिवसांनी साभार परत यायची. परत आलेली कथा आतोबा एकदा डोळ्यांखालून घालत, सुस्कारा सोडत आणि बारीक फाडून डब्यात घालत. बाळंतिणींना त्याची मऊ गादी होई. साहित्य वाचकाच्या अंगाखाली लागले, अंगी नाही लागले, एवढाच फरक, असे ते म्हणत आणि स्वतःच हसत. हसताना चष्मा काढून पुसत. तो मला वाटते उगाच पुसत नसत.

कथा परत का येत हे सांगायला मासिकाचा संपादक नको होता. आतोबांच्या प्रत्येक कथेत उंदीर यायचा. गडाला वेढा पडला आहे, आतली माणसे उपाशी आहेत, किल्लेदाराच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि तेवढ्यात कोठाराच्या भिंतीतून एक उंदीर बाहेर येतो. पुढची चार पाने उंदराचीच. विहिरीवर चांदणे पडले आहे, नायक नायिकेला म्हणतो, "मला तुला काही सांगायचंय", आणि तेवढ्यात रहाटाजवळ खसफस होते. ती कथा ऐकून झाल्यावर मी विचारले, "पुढे लग्न होतं का त्यांचं?" तर आतोबांनी माझ्याकडे गोंधळून पाहिले आणि विचारले, "कुणाचं?"

एका संपादकाला मात्र त्यांची दया आली असावी. त्याने कथेबरोबर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून पाठवली. 'कथा बरी आहे. उंदीर काढल्यास विचार करू.' आतोबांनी तो कागद आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला. रोज दाढी करताना ते तो वाचत आणि रोज नव्याने चिडत. "काढल्यास म्हणे! उंदीर काढला तर मागे उरतं काय? नुसतं लग्न!" पण उंदीर काढला तर आपले नाव छापून येईल, हेही त्यांना कळत होते. आत्या म्हणाली होती, एकदा काढून तर बघा. त्यांनी खरेच बसून बघितले. दोन तास कोऱ्या कागदाकडे पाहून उठले आणि म्हणाले, "नाही जमत गं. कुणीतरी घरातून उठून गेल्यासारखं वाटतं."

चाळीतल्या लोकांशी त्यांचे तसे बरे होते. फक्त चाळीच्या मालकाशी बरे नव्हते. मालक भातशेतीवर वाढलेला माणूस, उंदीर म्हटला की त्याला कोयताच आठवे. त्यात चाळीत कुणाच्या पिंजऱ्यात साधा घरउंदीर सापडला की आतोबा हातापाया पडून तो पिंजरा मागून घेत आणि लांब नेऊन बांधावर सोडून येत. बांध मालकाचा होता. "भाऊसाहेब," मालक एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आमी कणगीतले उंदीर मारताव नि तुमी आमचेच शेतान नेऊन सोरता? ये बरा नाय." आतोबा म्हणाले, "अहो, तो माझ्याआधी चाळीत परत पोचलेला असतो. तुमच्या शेतात राहतोय कोण?" मालकाला हे उत्तर आवडले नाही.

मालकाची आई विहिरीपलीकडच्या जुन्या घरात ओट्यावर बसून असे. सगळी चाळ तिला बय म्हणायची. बोलणे कमी, ऐकणे त्याहून कमी, आणि नजर घारीची. आतोबांचा उल्लेख ती 'यो उंदीरवाला' असा करी आणि ते समोरून गेले की तोंड फिरवून मशेरी लावू लागे.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी टिटवाळा आपल्या कागदाच्या गादीवर निपचित पडलेला दिसला. म्हातारा झाला होता, रोग ना राई, झोपेतच गेला. आतोबांनी चहा घेतला नाही. एका धुतलेल्या रुमालात त्यांनी त्याला गुंडाळला, वर झेंडूचे फूल ठेवले आणि खुरपे घेऊन विहिरीजवळच्या शेवग्याखाली गेले. मागून पाण्याचा तांब्या घेऊन आत्या, आणि तिच्यामागून, उगाच कसे घरी बसायचे म्हणून, मी. खड्डा बुजवून होतोय तेवढ्यात बय कळशी घेऊन पाण्याला आली.

"काय पुरतंस रं बाबा?"

आतोबांचे डोळे भरलेले होते. ते म्हणाले, "आमचा उंदीर गेला, बय. सकाळी बघतो तर पडलेला."

"उंदीर परला?"

"हो."

बयने पुढे काही विचारले नाही. भरलेली कळशी तिने तिथेच ओतली, घरात गेली, पेटलेल्या चुलीवर पाणी मारले, देव पदरात घेतले, खांद्यावर गोधडी टाकली आणि कापणी झालेल्या खाचरांतून थेट माळाकडे चालू लागली. सून मागून हाका मारत धावली तेव्हा ती न थांबता एवढेच म्हणाली, "उंदीर परला. भायेर चला."

आजच्या वाचकाला हे सांगायला हवे. घरात उंदीर पडणे म्हणजे प्लेगाची वर्दी, हे त्या पिढीच्या हाडीमासी भिनलेले होते. उंदीर पटापट पडू लागले की माणसांची पाळी यायच्या आत घरे उघडी टाकायची आणि गावाबाहेर झोपड्या घालून राहायचे. आमच्या चाळीत कोकणातली माणसे होती, देशावरची होती, आणि प्रत्येकाच्या आजीने ही गोष्ट सांगितलेली होती. सुनेच्या तोंडून ते दोन शब्द चाळीत पोचले आणि मग कुणी कुणाला काही विचारले नाही. शेवग्याखाली आम्ही तिघे हात धूत होतो तोवर अर्धी चाळ माळावर होती. कुणी स्टोव्ह नेला, कुणी लोणच्याची बरणी, एका नव्या जोडप्याने तर फक्त आरसा नेला. गेली कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून असलेले पलीकडचे एक आजोबा सगळ्यांच्या पुढे चालत होते. आतोबा प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "अहो, प्लेग नाही, आमचा टिटवाळा गेला", आणि त्यामुळे टिटवाळ्यालाही प्लेगने माणूस गेला अशी बातमी उठली.

दुपारी कल्याणहून डॉक्टर आले. त्यांनी आधी सगळ्यांना रांगेत उभे करून टोचले आणि मग विचारले, "उंदीर कुठं पडलाय?" आतोबा त्यांना शेवग्याखाली घेऊन गेले. माती उकरली. रुमाल निघाला, झेंडू निघाला, टिटवाळा निघाला. डॉक्टरांनी बराच वेळ निरखून पाहिले.

"हा कशानं मेला?"

"वय झालं होतं," आतोबा म्हणाले.

डॉक्टरांनी तोंड दुसरीकडे फिरवले. त्यांचे खांदे हलत होते. पण चाळ हसली नाही. दुखरे दंड चोळत जो तो आतोबांकडे बघत होता, आणि मालक तर संतापाने लाल झाला होता. "म्हातारी मानसा माळावं धारलीस तू," भाऊसाहेब हे संबोधनही तो विसरला. "आता येक काय ते कर. उंदीर घालव नायतर खोली सोर. सकालपावेतो."

आतोबांनी टिटवाळ्याला पुन्हा रुमालात गुंडाळून मातीत ठेवले. घरी येताना फक्त आत्याला हळूच म्हणाले, "हासुद्धा तेच म्हणतो बघ. उंदीर काढल्यास विचार करू."

तेव्हा डोंबिवलीत खोली मिळणे म्हणजे देव पावणे होते. संध्याकाळी आतोबांनी सगळे डबे एका रांगेत मांडले आणि समोर पाटावर बसून राहिले. वाचायला हातात काही नव्हते, तरी उंदीर सवयीने कान टवकारून त्यांच्याकडे बघत होते. मी म्हटले, "तुमच्या परळच्या मित्राला परत द्या ना." ते म्हणाले, "तिथे त्यांचं काय करतात ते मला ठाऊक आहे गं. ठाऊक नसतं तर दिले असते." आत्या कणी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दुसरी खोली बघा. ठाण्याला माजिवड्याकडे मिळेल एखादी, लांब पडेल पण मिळेल." आतोबांनी तिच्याकडे असे पाहिले, की मी उठून बाहेर गेले.

बाहेर चाळ पुन्हा भरली होती. चुली पेटल्या होत्या. माळावर मात्र अजून बय होती. डॉक्टरांनी सांगून झाले, मुलाने सांगून झाले, रडून झाले. ती म्हणे, "तुमी जा. मना ठाव हाय." रात्रभर त्या थंडीत ती तिथेच बसली आणि मालक तिच्याजवळ शेकोटी लावून बसला.

सकाळी आमच्या दारात मालक उभा. आत्याने भांडी बांधायला घेतलीच होती. पण तो आत येईना, डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवत राहिला. "बय येत नाय," शेवटी तो म्हणाला. "तिचा बापूस सांगून गेलेला. घरान जिता उंदीर फिरताना दिसला का मंगच परताचा. उंदीर आला म्हंजे रोग गेला. तवर घरान पाय नाय ठेवाचा." त्याने मागे वळून आपल्या घराकडे पाहिले. "आमचे घरान उंदीर नाय, भाऊसाहेब. सगले मीच मारले." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमचा येक द्याल?"

आतोबांच्या जागी मी असते तर या क्षणाचा थोडा तरी आस्वाद घेतला असता. आतोबांच्या ते ध्यानातही आले नाही. कपाळाला आठ्या घालून ते डब्यांपुढे वाकले. "मुंब्रा भित्रा आहे, लपून बसेल. बदलापूर चावतो. दिवा न्यावी. पोरंबाळं वाढवलेली आहे, तिला समज आहे." आणि दिवेला खिशात घालून ते निघाले, मागोमाग आम्हीही.

पण उंदीर दिसायला हवा घरात, आणि बय घराजवळ यायला तयार नव्हती. तेव्हा आतोबा आधी माळावर गेले आणि कोटासकट तिच्यासमोर मातीत बसले. बयने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

"तू रडत व्हतास काल. उंदरासाठी कोन रडतं?"

"मी रडतो, बय."

"माजी आय रडलेली," बय म्हणाली. मग तिने सांगितले. ती इतक्या हळू बोलत होती की आम्ही सगळे जवळ सरकलो. तिचे माहेरही याच गावातले. ती लहान असताना गावात उंदीर पडले आणि सगळे याच माळावर आले. तिचा धाकटा भाऊ कालू तिच्या मांडीवर गेला. त्याला इथेच पुरले. बाप रोज घराकडे जाई, खिडकीतून आत बघे आणि मान हलवत परत येई. एक दिवस तो धावत आला. आढ्यावरून उंदीर पळताना दिसला होता. सगळे घरी गेले. "आय दारान उबी ऱ्हायली नि रडली. मंग मूठभर तांदूल घेतले नि उंदराला टाकले. म्हनाली, आलास रं बाबा. माजा पोर इकरंच ऱ्हायला, पन तू आलास."

आतोबांनी टोपी काढली. मग ते म्हणाले, "बय, दारापर्यंत चला. आत पाय ठेवू नका. नुसतं बघा." आणि ती उठली. मुलाने सांगून उठली नव्हती, डॉक्टरांनी सांगून उठली नव्हती, ती उंदीरवाल्याचा हात धरून खाचरांतून चालत आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आतोबा मागच्या दाराने आत गेले. आम्ही बाहेरून बघत होतो. ओटीच्या भिंतीकडेने एक पांढरा ठिपका निघाला, कणगीपाशी थांबला आणि दोन पायांवर उभा राहून हवा हुंगू लागला.

"यो पांढरा कसा?" बयने विचारले.

मालकाने घाबरून आतोबांकडे पाहिले. आतोबा मागच्या दारात उभे होते. थाप मारायची तर ती याच वेळी. पण ते म्हणाले, "जन्मालाच तशी आली, बय. पण जिती आहे."

बयने थोडा विचार केला. "जिती हाय ना? मंग झाला." ती उंबरा ओलांडून आत आली, कणगीत हात घालून मूठभर तांदूळ काढले आणि दिवेपुढे टाकले. दिवेने एक दाणा दोन्ही हातांत धरला आणि खायला लागली. बय खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावून रडली, आणि रडून झाल्यावर सुनेला म्हणाली, चूल पेटव. कणग्यांपायी जन्मभर उंदीर मारलेला तो मालक आपल्याच घरात आपलाच तांदूळ खाणाऱ्या उंदराकडे हात जोडून बघत होता.

खोली सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट दर बाजाराच्या दिवशी मालकाची सून केळीच्या पानात कणी बांधून आणू लागली. "बयनी धारली, दिवाला." आतोबांचे रविवारचे वाचनही हळूहळू डब्यांपुढून बयच्या ओट्यावर गेले. कालूची गोष्ट त्यांनी लिहिली ती मात्र त्यांनी उंदरांना आधी ऐकवलीच नाही. बयने ती मशेरीचे बोट तोंडात तसेच धरून ऐकली. संपल्यावर म्हणाली, "त्याचा नाव जिकरं हाय तवराच परत वाच." आतोबांनी तेवढा भाग वाचला. "परत." आतोबांनी पुन्हा वाचला.

ती कथा ठाण्यातल्या एका लहानशा दिवाळी अंकात छापून आली. आतोबांचे छापून आलेले तेवढेच एक. त्यात उंदीर पहिल्याच ओळीत होता आणि संपादकाने त्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. यानेच आतोबा बेचैन झाले. "उंदराबद्दल काहीच लिहिलं नाही गं त्यांनी," ते मला म्हणाले, "नजरेतून सुटला असेल का?"

पुढे बय गेली. माझे लग्न झाले आणि मी ठाण्याला आले. आतोबा निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांनी नवी पिल्ले होऊ दिली नाहीत. आपल्यामागे यांचे कोण करणार, म्हणत. एकेक स्टेशन बंद होत गेले. शेवटचा मुंब्रा गेला, त्यानंतरच्या पावसाळ्यात आतोबाही गेले, टिटवाळ्यासारखेच, झोपेत. मी आत्याला माझ्याकडे घेऊन आले. ती राहिली, काम करी, नीट जेवी, पण डोंबिवलीचे नाव काढले की म्हणे, "मी नाही जायची त्या घरात. काय ठेवलंय तिथे?" शेवटी खोली रिकामी करून किल्ली द्यायची ठरली. मालक म्हणाला होता, घाई नाय, पण आत्यालाच ते संपवून टाकायचे होते.

एका रविवारी आम्ही दोघी गेलो. कुलूप मी काढले. आत कोंदट वास, रिकामे डबे भिंतीशी रांगेने, आरशात तो कागद अजून खोचलेला. आत्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "तूच आण काय आणायचं ते," ती म्हणाली. मी फळीवरची भांडी खाली घेऊ लागले, तोच एका डब्यामागून काहीतरी निघाले आणि भिंतीकडेने सुळकन पळाले. साधा मातकट रंगाचा घरउंदीर. मी इतक्या वर्षांनीसुद्धा पहिल्या दिवशीसारखीच किंचाळले.

"हळू गं," आत्या म्हणाली. "घाबरेल तो."

तिने चपला काढल्या आणि ती आत आली. फळीवरचा तांदळाचा डबा काढून तिने तळाचे तांदूळ मुठीत घेतले आणि कोपऱ्यात टाकले. मग पदराने डोळे पुसून तिने माझ्या हातातले पातेले घेतले आणि परत फळीवर ठेवले.

"चूल पेटवते," ती म्हणाली. "तू चहा घे आणि जा, तुझी माणसं वाट बघत असतील. मी राहते आता इथे."